हिरामणची टू हंड्रेड डी

हिरामण घरतच्या मर्सिडीजची काच खाली घ्यायची तर हँडल फिरवावं लागतं. चार दारांना चार हँडलं. एसी नाही. बाहेरचा आरसा एकच, ड्रायव्हरच्या बाजूचा. डावीकडे काय चाललंय ते मान वळवून बघायचं. महागड्या गाडीत इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा असतो, तिथं हिच्यात चांगलं भलंमोठं घड्याळ बसवलंय, आणि चाळीस वर्षं झाली तरी ते वेळ बरोबर दाखवतं. सीटा कातड्याच्या नाहीत, रेक्झिनच्या आहेत. बॉनेटच्या टोकाला तेवढा तो तीन पात्यांचा तारा उभा आहे. लोक तारा बघतात आणि पुढचं काही बघत नाहीत.

कागदावर गाडीचं नाव टू हंड्रेड डी. डी म्हणजे डिझेल. त्या वेळी त्या घाटाच्या ज्या गाड्या निघायच्या, त्यांत ही सगळ्यात खालची. वरच्या मॉडेलांना काय काय असायचं, पण हिला चार चाकं, एक इंजिन आणि तो तारा.

हिरामण वडखळच्या पुढचा, खारेपाटातला, म्हणजे खाडीकाठच्या खारट पट्ट्यातला. आईबाप मिठागरावर. पाय खाऱ्या पाण्यानं चिरलेले, डोळे उन्हानं बारीक झालेले. हिरामणनं चौथीनंतर शाळा सोडली आणि एकोणिसाव्या वर्षी मिठागरही सोडलं. मिठाच्या ट्रकवर चढला, ट्रकवरच गाडी शिकला आणि पुढं रोह्याला गुप्तेसाहेबांकडे ड्रायव्हर म्हणून लागला. तिथं तीस वर्षं काढली.

दत्तात्रेय गुप्ते हे केमिकलमधले इंजिनिअर. जर्मनीत सात वर्षं नोकरी करून आले, येताना ही गाडी घेऊन आले. आपल्याकडे चालवायची म्हणून स्टिअरिंग उजव्या बाजूला पाहिजे होतं. ते मुद्दाम करून घेतलं, त्यातच पैसे संपले, म्हणून बाकी काही लावून घेतलं नाही. हे साहेब स्वतःच हसत हसत सांगायचे. पाहुणे आले, गाडीभोवती फिरायला लागले, की म्हणायचे, "अहो, जर्मनीत ही टॅक्सी असते. स्टेशनवर रांगेनं उभ्या असतात."

पाहुणे हसायचे. हिरामण बाजूला फडकं घेऊन उभा असायचा, त्याला ते हसणं लागायचं. साहेबांना ते परवडत होतं. बंगलेवाल्यानं आपल्या गाडीला टॅक्सी म्हटलं की लोक म्हणतात, काय साधा माणूस आहे. मिठागरवाल्याच्या पोरानं तेच म्हटलं तर म्हणतात, टॅक्सीवाला आहे.

बाकी साहेबांशी त्याचं कधी वाजलं नाही. गाडी कशी राखायची ते त्यांनीच शिकवलं. चावी अर्धी फिरवायची, डॅशबोर्डावरचा पिवळा दिवा विझेपर्यंत थांबायचं, मग स्टार्टर मारायचा. घाई करायची नाही. हिरामण तसा तापट माणूस. टपरीवर चहा गार आला तरी आवाज चढायचा. पण त्या दिव्यासमोर तो तीस वर्षं रोज गप्प बसला.

साडेचार वर्षांपूर्वी साहेबांनी रोह्याचं घर बंद केलं आणि ते मुलाकडे पुण्याला गेले. जाताना गाडी हिरामणच्या नावावर करून दिली. पाच वर्षांची पासिंग तेव्हा नुकतीच झाली होती. हिरामण गाडी घेऊन गावात शिरला त्या दिवशी तळ्याच्या काठापासून घरापर्यंत माणसं उभी होती. सगळ्यात पुढं होता मितेश, त्याच्या थोरल्या भावाचा मुलगा. डोलवीच्या कंपनीत कंत्राटदाराच्या गाड्या चालवणारा, चुणचुणीत, जिभेनं तिखट.

"काका, टॉप मॉडेल ना?" मितेशनं विचारलं.

हिरामणनं श्वासही घेतला नाही. "मंग? साहेब काय खालचं घेणार व्हता?"

बस. तिथून ते सुरू झालं.

ड्रायव्हर माणसाचं असं असतं की त्याला साहेबाच्या गाडीनं ओळखतात. गुप्त्यांचा हिरामण, अमक्याचा अमका. हिरामणला तीस वर्षांत पहिल्यांदा स्वतःच्या गाडीनं ओळखलं जात होतं, आणि ती गाडी खालची निघावी हे त्याला पटलं नाही. पंधरा दिवसांत तो कुर्ल्याच्या जुन्या बाजारात जाऊन आला. येताना कागदात गुंडाळून चकचकीत अक्षरं आणली: 280 E. डिकीवरची मूळ अक्षरं काढली, वडखळच्या पुलावरून खाडीत टाकली आणि नवी चिकटवली.

राहिला रंग. मूळ रंग हस्तिदंती, पण जागोजागी उडालेला, दाराखाली गंज. गॅरेजवाल्यानं जो खर्च सांगितला तो ऐकून हिरामण उठला आणि सरळ पेणला केरूकडे गेला.

केरू म्हणजे कुंभारआळीतला मूर्तीचा रंगारी. चाळीस वर्षं गणपती रंगवतोय. त्यातही त्याचं खास काम म्हणजे शेडिंग आणि डोळ्यांची आखणी. पोटाच्या गोलाईवर उजेड, मांडीच्या घडीत सावली, सोंडेच्या वळणाला गुलाबी झाक, आणि सगळ्यात शेवटी डोळे. आखणीच्या वेळी केरू कुणाशी बोलत नाही, चहा घेत नाही. दोघांची ओळख मिठाच्या ट्रकच्या दिवसांतली. भाद्रपदातल्या वद्य चतुर्थीचे, साखरचौथीचे गणपती बसून उठले, केरूचा हात मोकळा झाला, आणि गाडी कारखान्याच्या मागच्या शेडमध्ये उभी राहिली.

"हाय तोच रंग मार," हिरामणनं सांगितलं. "दुसरं काय नको."

गाडीचाच रंग आणला होता, प्रायमरही नीट मारला होता. त्यात खोट नव्हती. चार दिवसांनी हिरामण गाडी न्यायला आला आणि शेडच्या दारात थांबला. हस्तिदंती रंग होता, पण दारांच्या कडांना गुलाबी सावली उतरली होती. चाकांवरच्या गोलाईला उजेड होता. बॉनेट मधोमध असं उठून दिसत होतं की हात लावला तर ऊब लागेल. आणि पुढच्या दोन्ही दिव्यांना बारीक काळी रेघ, तिच्यावर सोनेरी रेघ, बाहेरच्या कोपऱ्याला किंचित वर गेलेली. गाडी बघत होती.

"केरू, हे काय केलंस?"

"शेडिंग."

"गाडीला?"

"मंग सपाट सोडू? सपाट रंग पत्र्याला मारतात."

"अरे, पत्राच हाय तो!"

केरूनं ब्रश धुतला. "मना सपाट जमत नाय," तो म्हणाला. "हात थांबत नाय माझा. आवडला नसंल तर गॅरेजला ने."

हिरामण तोंड उघडणार होता, पण गाडी त्याच्याकडे बघत होती, आणि ती त्याला आवडली. तो चावी लावून आत बसला. त्याच महिन्यात वरातीचं पहिलं भाडं ठरलं.

चार हंगाम गाडी नवरदेवांना घेऊन फिरली. पेण, नागोठणे, कोलाड, रोहा. हॉलच्या दारात उतरल्यावर पोरं नवऱ्याला सोडून गाडीबरोबर फोटो काढायची. कुणी विचारलं की हिरामण म्हणायचा, "टू एटी. टॉपची." आणि फडक्यानं तारा पुसायचा. मितेशनंही दोन वर्षांपूर्वी स्वतःची गाडी घेतली, पांढरी, उंच, छताला उघडणारी काच असलेली, आणि सुट्टीच्या दिवशी लग्नं करायला लागला. काकाला वाटेत भेटला की म्हणायचा, "काका, माझी नवरी अजून कोरी हाय. तुमची म्हातारी कधी बसवताय घरी?"

"म्हातारी टॉपची हाय," हिरामण म्हणायचा. "तुझी बाजारातली हाय. दर गल्लीत एक."

मग पासिंगची तारीख आली.

पेणच्या आरटीओत गाड्या रांगेत लावलेल्या. तपासणीला एक बाई होत्या, मनस्वी मॅडम, तिशीतल्या, हातात पाटीला लावलेले कागद. रिक्षा बघितल्या, टेम्पो बघितले, आणि हिरामणच्या गाडीसमोर येऊन उभ्या राहिल्या. कागद बघितला. गाडी बघितली. पुन्हा कागद बघितला.

"काका, गाडी हीच का?"

"व्हय मॅडम. दुसरी कुठली असणार?"

"कागदावर टू हंड्रेड डी आहे. मागं टू एटी इ लिहिलंय." त्या मागं गेल्या, वाकल्या, सायलेन्सरच्या नळीत बोट फिरवून काजळी बघितली. "इ म्हणजे पेट्रोल. ही तर डिझेल आहे."

हिरामण मागं येऊन त्या अक्षरांकडे बघायला लागला. साडेचार वर्षांत शंभर माणसांनी ती अक्षरं वाचली होती. एकालाही हे कळलं नव्हतं. त्यालाही नाही.

मॅडमनी बॉनेट उघडायला सांगितलं. चासीचा नंबर कागदाशी पडताळायचा असतो, पेन्सिल घासून त्याचा ठसा घ्यायचा असतो. पण नंबराच्या जागेवर केरूनं प्रायमर, रंग आणि सावली असे तीन हात दिले होते. पेन्सिल नुसती सरकत होती. आणि इंजिनाचा नंबर मॉडेलचा वाद मिटवणार नव्हता; इंजिन काय, कुणीही बदलतो.

"हे बघा," त्या शांतपणे म्हणाल्या. "नाव जुळत नाही, रंग जुळत नाही, नंबर दिसत नाही. दुसऱ्या गाडीला ह्या गाडीचे कागद लावलेत असं मी का समजू नये?"

"मी चोर हाय का?" हिरामणचा आवाज चढला. रांगेतले टेम्पोवाले वळून बघायला लागले.

"मी तसं म्हटलं नाही. मी विचारलं." त्यांचा आवाज होता तेवढाच राहिला. "चोर नाही ना? मग सोपं आहे. नंबर घासून मोकळा करा. रंग बदलला त्याचा अर्ज भरा. मागची अक्षरं काढा. आणि स्वतःच्या हातानं लिहून द्या, की ही गाडी टू हंड्रेड डी आहे आणि ती अक्षरं तुम्ही लावली. गाडी ओळखणाऱ्या एका माणसाची सही आणा. पंधरा दिवस देते."

"अन् नाय लिहून दिलं तर?"

"तर कागद नाही. कागद नाही तर गाडी रस्त्यावर नाही." मग थोडं थांबून त्यांनी दिव्यांकडे बघितलं. "रंगाच्या रकान्यात काय लिहिणार आहात?"

हिरामणनं गाडीकडे बघितलं. "लिहा… गणपतीचा."

मॅडमनी तोंडावर कागद धरला. हसू लपवायचं होतं बहुतेक. "क्रीम-गुलाबी लिहा," त्या म्हणाल्या आणि पुढच्या टेम्पोकडे गेल्या.

घरी येऊन हिरामणनं गाडीवर ताडपत्री टाकली आणि अंगणातली बादली लाथेनं उडवली. सीताबाईनं, त्याच्या बायकोनं, बादली उचलून जागेवर ठेवली.

"चार अक्षरं काढायचीत ना?" ती म्हणाली. "तोंड तर असं केलंय, जसे चार दात काढायला सांगितलेत."

"तुला नाय कळायचं गो."

"मना सगलं कळतं. लिहून द्यायचंय त्याचं दुखतंय तुमाला."

ते खरं होतं. अक्षरं काय, कुणाला न कळता काढता आली असती. पण लिहून द्यायचं, त्यावर सही आणायची, म्हणजे ते फुटणार. खारेपाटात एका गावात शिंकलं तर पुढच्या गावात कळतं. मितेशच्या तोंडी एकदा लागलं की वडखळपासून रोह्यापर्यंत हिरामणची टॉप मॉडेल खालची झाली. तो पुन्हा नुसता ड्रायव्हर. गुप्त्यांचा हिरामण.

त्यानं मनाशी हिशेब असा लावला: लिहून दिलं तर गाडी राहते, पण नाव जातं. नाही लिहून दिलं तर गाडी भंगारात जाते, पण निदान टॉप मॉडेल भंगारात गेली असं तरी म्हणता येतं. हा हिशेब डोक्यात घेऊन तो नऊ दिवस बसला. मुलगी प्रतिक्षा पनवेलहून फोन करायची, "बाबा, दिलं का लिहून?" तो म्हणायचा, रेंज नाय, आणि ठेवून द्यायचा. तिकडं खांब गावच्या ठरलेल्या लग्नाला वीस दिवस उरले होते. विठू मरवडे नावाच्या शेतकऱ्याच्या मुलीचं लग्न, जावयाच्या वरातीला गाडी ठरलेली.

दहाव्या दिवशी तो उठला आणि वडखळच्या भंगारवाल्याकडे गेला. त्याला निदान भाव ऐकायचा होता, असं तो स्वतःला सांगत होता.

"मर्सिडीज हाय," त्यानं सांगितलं.

"बरं," भंगारवाला म्हणाला. "वजन किती?"

"वजन?"

"दीड टन असेल. बॅटरी, काचा काढून."

हिरामण उभाच राहिला. "मॉडेल नाय विचारणार?"

भंगारवाल्यानं मान वर केली. त्याच्या मागं कापलेल्या गाड्यांचा ढीग होता, दारं एकीकडे, टपं एकीकडे, कुठलं कुणाचं ते सांगता येणार नाही. "चाचा, काट्याला मॉडेल कळत नाही," तो म्हणाला, आणि त्यात चेष्टा अजिबात नव्हती.

परतीच्या वाटेवर हिरामणनं एकही शिवी दिली नाही. घरी येऊन त्यानं ताडपत्री ओढून काढली आणि गाडी पेणला केरूकडे नेली.

केरूनं बारीक पॉलिशपेपरनं तासभर नंबर घासला. आकडे एकेक करून वर आले. मग त्यानं हात पुसले आणि बसला.

"डोळे पण पुस, म्हणून सांगायला आलायस काय?" त्यानं विचारलं.

"मॅडमनी तसं नाय सांगितलं. पण सगलंच खरं करायचं तर…"

"डोळे मी पुसणार नाय." केरूचा आवाज बदलला. "आखणी झाली की मूर्तीचं जे व्हायचं ते पाण्यात व्हतं. कारखान्यात कुणी डोळे पुसत नाय. माझ्या बापानं नाय पुसले, मी नाय पुसणार. तुझी ती अक्षरं बाजारातली. डोळे माझ्या हातचे हायेत. खोटं काय लावलंय ते तू बघ."

हिरामण उठून डिकीकडे गेला. त्यानं केरूकडून बादलीभर गरम पाणी घेतलं, फडकं भिजवून अक्षरांवर धरलं. मग खिशातून तंगूस काढला, जाळ्याचा नायलॉनचा दोरा, आणि दोन्ही हातांना गुंडाळून अक्षरांच्या मागून करवतीसारखा ओढत राहिला. आधी इ निघाला. मग शून्य. आठ चिवट होता. दोन निघाला तेव्हा खाली मूळ अक्षरांची भोकं दिसली, साडेचार वर्षांची धूळ भरलेली.

तिथंच, मूर्तींच्या पाटावर कागद ठेवून, त्यानं लिहिलं. चौथी शिकलेला माणूस. एक ओळ लिहायला त्याला सहीइतकाच वेळ लागतो आणि सहीला बराच वेळ लागतो. "मी, हिरामण, लिहून देतो की माझी गाडी टू हंड्रेड डी आहे. हे सगळ्यात खालचं मॉडेल आहे. मागची टू एटी अक्षरं मी लावली होती. मला कुणी सांगितलं नव्हतं. मी काढली." केरूनं खाली सही केली, त्याच्या हातची, वळणदार, जणू तीही आखणीच.

"खालचं मॉडेल हे लिहायला तुला कुणी सांगितलं नव्हतं," केरू म्हणाला.

"मना अर्धवट लिहायला जमत नाय," हिरामण म्हणाला.

दुसऱ्या दिवशी आरटीओत मॅडमनी नंबरावर पेन्सिल घासली, ठसा कागदाशी जुळवला, मग तो कागद वाचायला घेतला. अक्षर त्यांना लागेना. "काका, हे तुम्हीच वाचून दाखवा."

हिरामणनं कागद घेतला, आणि मान वर केली तर तीन गाड्या सोडून पलीकडे मितेश. कंत्राटदाराच्या गाडीचं काम घेऊन आला होता. काकाची गाडी बघून जवळ आला आणि खिशात हात घालून उभा राहिला.

हिरामणला थांबता आलं असतं. चष्मा विसरलो म्हणता आलं असतं. त्यानं एकदा मितेशकडे बघितलं आणि वाचलं, सगळं, मोठ्यानं, शाळेत धडा वाचतात तसं एकेक शब्द तोडून. "सगळ्यात खालचं मॉडेल" तिथं तो अडला. त्यानं ओळीखाली बोट धरलं आणि ते पुन्हा वाचलं.

मॅडमनी शिक्का मारला. "झालं. पाच वर्षं बघायला नको."

बाहेर आल्यावर मितेशला हसू आवरेना. "काका! साडेचार वर्षं? टॉप, टॉप म्हणून माझ्या गाडीला बाजारातली म्हणत व्हता तुम्ही!"

हिरामणचा हात वर झाला होता. तो त्यानं गाडीच्या टपावर टेकवला. "हस," तो म्हणाला. "पोट भरून हस. पण गावात सांगशील तर पुरं सांग. इ म्हणजे पेट्रोल अन् माझी डिझेल, ते पण सांग. मी लिहून दिलं, ते पण सांग. अर्धवट सांगितलंस तर तोंड फोडीन."

मितेशचं हसू जरा कमी झालं. "सांगतो," तो म्हणाला. आणि त्यानं सांगितलं, पुरं सांगितलं. संध्याकाळी तळ्यावर पोरं हिरामणला बघून "ए टॅक्सी!" म्हणून हात करत होती. हे टॅक्सीचं त्यांना कुठून कळलं कुणास ठाऊक. मोबाइलवर शोधलं असणार. हिरामण थांबला, काच खाली घेतली आणि म्हणाला, "बसा. कुठं सोडू?" दोघं खरंच बसले. त्यांना त्यानं नाक्यापर्यंत नेऊन सोडलं आणि परत चालत यायला लावलं.

एक काम राहिलं होतं. मितेशची बातमी पोचायच्या आत खांबला जायला पाहिजे होतं. सकाळीच तो निघाला. विठू मरवडे खळ्यावर वालाच्या शेंगा निवडत बसला होता. बायको बायजानं चहा ठेवला. हिरामणनं चहा यायची वाट बघितली नाही.

"विठूभाऊ, तुमाला मी टू एटी सांगितली व्हती. ती टू हंड्रेड हाय. खालची. मी खोटं बोललो. पाहिजे तर गाडी दुसरी करा."

विठूनं शेंग सोलली, दाणे सुपात टाकले. "माझं काय," तो म्हणाला, "मला मोठी आणि छोटी बैलजोडीत कळते. पण जावयाला विचारलं पायजे. त्याचंच मन होतं त्या नंबरवर." त्यानं जावयाला, साईराजला, फोन लावला आणि मोबाइल सुपावर ठेवला. साईराज पलीकडून नीट बोलला. काका, राग नको, पण मित्रांना सांगितलंय, ड्रोनवाला आहे, मग निदान छत उघडणारी तरी गाडी असावी. तुमच्या गावात कुणीतरी मितेश म्हणून आहे ना?

"हाय," हिरामण म्हणाला. "माझा पुतण्या. गाडी चांगली हाय त्याची. नंबर लिहून घे."

हे बोलायला त्याला जड गेलं. पण बोलून झाल्यावर चहा आला, आणि चहा गरम होता.

आतून एक मुलगी दारात येऊन उभी राहिली होती. दिशा, विठूची मुलगी, जिचं लग्न. "आई," ती म्हणाली, "त्यांना छत उघडणारी पायजे तर घेऊ देत. मी कशातून जाणार रोह्याला? टेम्पोतून?"

"जीप सांगितलीय की गो," बायजा म्हणाली.

"जीप नको. मला ही पायजे." ती पायरी उतरून गाडीजवळ गेली आणि वाकून दिव्यांकडे बघत राहिली. "ही बघते आपल्याकडं. काका, हे डोळे कुणी काढले?"

"पेणच्या केरूनं."

"ठरलं मग," दिशा म्हणाली.

लग्नाच्या दिवशी रोह्याच्या हॉलच्या रस्त्यावर मितेशची पांढरी गाडी पुढं होती. छतातून नवरदेव कमरेपर्यंत बाहेर, वर ड्रोन, भोवती पोरं. हिरामणची गाडी मागं, वरातीच्या चालीनं. चार हंगाम तो पुढं असायचा; आज समोरच्या गाडीचं मागचं दार बघत चालला होता. ते थोडं टोचलं. वाटलं होतं तेवढं नाही. मागच्या सीटवर दिशा आणि तिच्या दोन मैत्रिणी, तिघी उकाड्यानं वैतागलेल्या आणि तरी खिदळत होत्या.

हॉलपाशी नवरीला उतरवून त्यानं गाडी बाजूला लावली. फोटोवाली आली, सुरभी नावाची एक मुलगी, गळ्यात दोन कॅमेरे. तिला नवरीचा गाडीसोबत फोटो पाहिजे होता, समोरून एक, मागून एक. समोरून काढला, दिशा दिव्याशेजारी, दिवा तिच्याकडे बघतोय असा. मग डिकीकडे गेली, कॅमेरा डोळ्याला लावला आणि पुन्हा खाली घेतला.

"काका, इथं काहीतरी होतं ना? नुसती भोकं दिसतात. नाव पडलं वाटतं तुमचं."

हिरामण फडकं घेऊन पुढं आला. भोकांभोवती रस्त्याची धूळ बसली होती. त्यानं ती नीट पुसली, भोकं आणखी स्वच्छ दिसायला लागली, आणि तो चौकटीच्या बाहेर सरकला.

"पडलं नाय," तो म्हणाला. "मी काढलं. घ्या फोटो."